एकाच कपावर उठलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंग शेवाळी, बटणांवरचे आकडे झिजलेले. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवलं. स्वतःचं आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि तेही जड मनानं.

कारखान्यातल्या एका मुलीनं मला कानाला लावून "याचा आवाज छान आहे" म्हटलं, तेव्हा मी केवढा फुशारलो होतो! तिथून मी जर्मनीत, उत्तर समुद्राच्या बांधामागं, एन्नो आजोबा आणि गेशे आजीच्या विटांच्या घरात आलो. आजोबांची कोळंबी धरायची होडी होती. बंदराला लागले की त्यांचा फोन यायचा, "गेशे, चहाचं आधण ठेव!" नातू झाल्याची बातमी मीच दिली. आजीनं त्या दिवशी मला एप्रननं पुसून लख्ख केलं होतं.

पुढं आजोबा गेले. नातू तामो शिकायला हॅम्बुर्गला गेला. दर रविवारी चार वाजता त्याचा फोन यायचा. त्याच्या नंबराची चिठ्ठी आजीनं माझ्या पोटाखाली सरकवून ठेवली होती.

गेल्या नोव्हेंबरात, मंगळवारी सकाळी मी वाजलो.

"आजी, ओळख बघू कोण?"

"तामो? तामोच ना रे? आवाज किती बसलाय तुझा!"

त्या माणसानं नाव घेतलंच नव्हतं. आजीनंच ते त्याच्या हाती दिलं. आमच्याकडं गेशे नावाच्या आता म्हाताऱ्याच उरल्यात. फोनच्या डिरेक्टरीत ते नाव वाचूनच त्यानं डाव मांडला असणार.

मग तो रडू लागला. म्हणे त्याच्या गाडीखाली एक बाई सापडली, जामीन भरल्याशिवाय पोलीस सोडत नाहीत, वकिलाचा माणूस पैसे न्यायला येतोय. "बाबांना सांगू नकोस गं. आणि फोन ठेवू नकोस, मला फार भीती वाटतेय."

आजीनं मला टेबलावर उताणं ठेवलं आणि चादरींच्या घडीतून होडी विकून आलेले पैसे काढले. आजोबांची ती शेवटची आठवण होती. मी ओरडू शकत नव्हतो. माझ्या तोंडून तर तोच चोर बोलत होता!

वकिलाचा माणूस आला. दारी आलेल्याला चहा दिल्याशिवाय आजी कशी सोडेल? तिनं कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला. त्यानं एक कप घाईनं संपवला आणि उठला.

"एकच? अहो, आमच्यात तीन कपांआधी कुणी उठत नाही. आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा असतो."

"गडबडीत आहे, आजी."

"शहरातली माणसं!" आजी पुटपुटली, आणि पैशांचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

रविवारी चार वाजता मी पुन्हा वाजलो.

"आजी, कशी आहेस?"

"सुटलास का रे बाळा?"

"कशातून गं?"

आजीनं मला हळूच जागेवर ठेवलं आणि त्यानंतर कधी उचललं नाही. मी वाजायचो आणि ती कानांवर हात ठेवून बसायची. शेवटी तिनं माझी वायर भिंतीतून ओढून काढली.

फोन लागेना म्हणून तामो धावत आला. दार वाजवून म्हणाला, "आजी, मी तामो."

आतून आजी म्हणाली, "मागच्या वेळीही तामोच होता."

तो पायरीवर बसून हुंदके देऊ लागला, तेव्हा कुठं तिनं दार उघडलं. तिनं चहा केला. तामोनं तीन कप घेतले आणि न सांगता चमचा कपात ठेवला. त्या चमच्याकडं बघत आजी ढसाढसा रडली. "मला माझ्याच नातवाचा आवाज ओळखता येईना रे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तामोनं माझी वायर जोडायला घेतली, पण तिनं त्याचा हात धरला.

आता मी कपाटावर धूळ खात पडलोय. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो आवाज मी तिच्या कानात घातला, हे काही विसरता येत नाही.

मित्रांनो, फोनवर कुणी घाई केली, 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं, तर फोन ठेवा. समोरचा रडत असला तरी ठेवा. आणि तुमच्याकडं असलेल्या नंबरावर स्वतः लावा. आपलं माणूस त्यावर रागावत नाही.

ती चिठ्ठी अजून माझ्या पोटाखाली आहे. आजीनं त्या मंगळवारी तो नंबर लावला असता, तर तामोनं फोन उचलला असता. तो खोलीवरच होता.