पायरीवरची बदकं

१९९८ सालच्या जानेवारीतल्या एका सकाळी तिने काचेची प्लेट खिडकीशी, उजेडात धरली. जंतूंचा पांढरट थर सगळीकडे सारखा पसरला होता. त्यावर ठेवलेल्या दहा औषधांच्या टिकलीएवढ्या चकत्यांपैकी नऊंच्या भोवती मोकळी जागाच नव्हती. दहावीभोवती जेमतेम एक बारीक कडं.

तिला ते पाठ होतं. दीड वर्षापूर्वी, याच प्रयोगशाळेत, भावाच्या पायाच्या जखमेतले जंतू तिनेच तपासले होते. तीच नऊ औषधं नापास, तेच एक काठावर पास. शेवटी तेही चाललं नाही, आणि भाऊ गेला.

हे जंतू मात्र भावाच्या घरामागच्या तळ्यावरच्या रानबदकांच्या विष्ठेतले होते. भाऊ आजारी पडण्याआधीच्या हिवाळ्यात तिनेच ती कुपी भरून फ्रीझरमध्ये ठेवली होती. तपासायची राहून गेली.

दुपारी ती भावाच्या घरी गेली. वहिनी मागच्या पायरीवर बसून पाव कुस्करत होती, बदकं तिच्या हातातून खात होती. लग्न होऊन आल्यापासूनचा तिचा हा नेम. त्याच हातांनी तिने नवऱ्याच्या पायाची पट्टी बदलली होती, रोज दोनदा.

"या वन्सं. बघा, पंगत बसलीये."

"वहिनी, आधी साबणाने हात धू."

"आल्या आल्या सासूगिरी!" वहिनी हसली. मग तिचा चेहरा पाहून थांबली. "काय झालं?"

"दादाच्या जखमेतले जंतू या बदकांत सापडलेत. आता हातातून चारणं बंद."

वहिनी आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"म्हणजे यांच्याकडून... माझ्या हातून ह्यांना?"

नणंदेने पर्समधला, कुपी भरल्याची तारीख लिहिलेला कागद चाचपला आणि चेन लावून टाकली.

"नाही गं. दादाकडून गेले बदकांत. पट्ट्या धुतलेलं पाणी तळ्यातच जायचं ना?"

वहिनीने धरून ठेवलेला श्वास सोडला. एक बदक तिच्या पदराला चोच मारत होतं.

"उन्हाळ्यात कुठे जातात ही?"

"उत्तरेला. डोंगरांपलीकडे, हजारो मैल."

"फिरायची फार हौस होती ह्यांना," वहिनी म्हणाली. "कधी रजाच मिळाली नाही."

वहिनी पुढे अकरा वर्षं जगली. पाव लांबून टाकायची. पहिला थवा उतरला की तिचा फोन यायचा, आणि नणंद नुसतं "बरं" म्हणायची. निवृत्तीनंतर नणंद त्याच घरात राहायला आली. हिवाळ्यात ती मागचं दार उघडत नाही. बदकं पायरीपर्यंत येतात, आणि थांबतात.