दुरुस्तीला टाकलेला फोन

माझी आई मोबाइल दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावलं की तिला बाकीचं जग दिसत नाही, आणि त्यात मीही आले. शाळेतून आल्यावर माझ्याशी बोलतात ते काउंटरच्या ड्रॉवरमधले दोन उंदीर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "जेवलीस का?" बोलायला ते एका फोनवरून शिकले. एक गिऱ्हाईक तो चार महिन्यांपूर्वी टाकून गेलं, आणि त्याच्या आईचे निरोप त्यावर रोज येत राहिले. कोणीच उत्तर देईना, तेव्हा उंदरांनी द्यायला घेतलं. एक चार्जर लावतो, दुसरा टाइप करतो. शुद्धलेखन माझ्याकडे.

काल तो माणूस उगवला.

"मी सुधारलोय असं आमची आई गावभर सांगते," तो म्हणाला. "मी तर तिला एक अक्षर लिहिलेलं नाही."

आईने भिंग न काढताच ड्रॉवरमधून फोन काढून दिला. त्याने उभ्या उभ्या सगळे निरोप वाचले. आता पितळ उघडं पडणार, असं मला वाटलं. त्याने काच रुमालाने पुसली आणि फोन परत काउंटरवर ठेवला.

"राहू दे इथेच. तुमच्याकडे बरा चालतोय."

तो गेल्यावर फोन वाजला. उंदराने निरोप वाचला आणि आधी मलाच विचारलं, "जेवलीस का?"

मी नाही म्हटलं.

"आईला असं कळवायचं नसतं," तो म्हणाला, आणि त्याने टाइप केलं, "जेवलो, पोटभर."