दोन कोरे खाने

चित्रपटात संगीतकाराचा चेहरा एका देखण्या नटाचा आहे आणि हात माझे, साठी उलटलेल्या बाईचे. त्या नटाला सुरावट लिहिता येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही, म्हणून मला झालरीच्या बाह्यांचा कोट चढवला, मेकअपवालीने बोटांवर केस चिकटवले, आणि मी सकाळपासून जी फिदीफिदी हसत सुटले ती थांबेचना.

हसू नुसतं केसांचं नव्हतं. हे संगीतकार म्हणजे माझे साहेब. त्यांच्या ऑपेरांच्या प्रती मीच करायची, थिएटरच्या तळघरात बसून, प्रत्येक वाद्याची वेगळी. साहेब चुकलेलं ब्लेडने खरवडायचे आणि त्यावर नवी चिठ्ठी डिंकाने डकवायचे. शेवटच्या ऑपेरात, नायिकेच्या निरोपाच्या गाण्यात, अशी एक चिठ्ठी माझ्या नकळत सुटून पडली. खाली तालाच्या उभ्या रेघांमधले दोन खाने कोरे दिसले, मी सगळ्या प्रतींत दोन खाने कोरे सोडले. पहिल्या खेळाला गायिका ऐन रंगात गप्प, वाद्यं गप्प, प्रेक्षक श्वास धरून बसलेले. पेपरवाल्यांनी त्या शांततेला डोक्यावर घेतलं. तीन दिवसांनी स्वेटर धुवायला काढला, तर कोपराला ती चिठ्ठी चिकटलेली. माझी पाचावर धारण बसली. साहेब आजारपणामुळे तालमींना नव्हते, थेट खेळालाच आले होते. ते काही बोलले नाहीत, मग मीही तोंडाला कुलूप लावलं. तीस वर्षं.

आणि आता दिग्दर्शक मला समजावत होता की या प्रसंगात साहेब बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतात आणि ती शांतता लिहितात. टेबलभर मेणबत्त्या; साहेबांनी त्या कधी लावल्या नाहीत, की असला कोट घातला नाही. मी फक्त हात थांबवायचा, दोन खाने सोडायचे आणि पुढे लिहायचं.

पहिल्यांदा हात थांबलाच नाही. दुसऱ्यांदा शाई सांडली. तिसऱ्यांदा मी टेबलाखाली वाकून हसले आणि वर आले तेव्हा दिग्दर्शकाचा पारा चढलेला. नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं की तोंड उघडलंस तर हातांचंही काम जाईल. मला ते काम हवं होतं, फार हवं होतं. पण समोर खुर्चीत साहेबांची लेक बसली होती, सल्लागार म्हणून. तिच्यादेखत तिच्या आईच्या नावावर खोटं लिहायला माझा हात धजेना.

"ती शांतता साहेबांची नाही," मी म्हटलं. "माझ्या चुकीची आहे."

मग घडाघडा सगळं ओकले, कोपरासकट. दिग्दर्शकाचा चेहरा खर्रकन उतरला. कॅमेरावाला छताकडे बघायला लागला. मी कोट काढायला घेतला.

तेवढ्यात साहेबांची लेक हसायला लागली. अशी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पहिल्या खेळाला ती साहेबांच्या शेजारीच होती म्हणे. दोन खाने गेलेले ऐकून साहेब ओरडायला अर्धे उठले होते, मग श्वास धरलेले प्रेक्षक बघून हळूच खाली बसले.

"घरी येताना बाबा म्हणाले, तळघरातल्या त्या पोरीला कुणी काही सांगू नका. डिंक घेऊन धावत येईल."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, दोन्ही एकदमच आलं.  दिग्दर्शकाने मेणबत्त्या विझवायला लावल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, प्रसंगाच्या कागदावर काट मारली आणि विचारलं, तळघरात उजेड कुठून यायचा.