नारा शहरातला अशोक

मोरितांनी सकाळी नऊची वेळ दिली होती. राजकुमारनं घरच्यांना पावणेनऊलाच नारा स्टेशनाबाहेर आणून उभं केलं. अजिंठा-वेरूळला बावीस वर्षं जपानी भाषेचा गाइड म्हणून काढल्यावर, जपानी माणूस वेळेआधी येतो एवढं त्याला ठाऊक होतं. मोरिता साडेआठपासून उभे होते.

वरवर पाहिलं तर ही सहल होती. राजकुमारची मुलगी प्रेरणा दोन वर्षांपासून ओसाकातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिनं आई, वडील आणि आजी अशा तिघांना एप्रिलमध्ये पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतलं होतं आणि त्यातला एक दिवस नारासाठी ठेवला होता. आठव्या शतकात हे शहर जपानची राजधानी होतं. इथं मोठा बुद्ध आहे, एवढं सांगितल्यावर आजी, म्हणजे मालनबाई, बाकीचं काही न विचारता तयार झाल्या. त्यांनी संभाजीनगरहून त्यासाठीच पांढरी साडी आणली होती.

पण दिवसाचं खरं काम वेगळं होतं आणि ते चौघांनाही माहीत होतं. मोरितांची ओसाकात छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. ते म्हाताऱ्या जपानी लोकांना भारतातली बौद्ध ठिकाणं दाखवायला नेत. कोविडात ते बंद पडलं. आता येत्या ऑक्टोबरपासून पुन्हा सहा गट निघणार होते आणि अजिंठ्यासाठी, पूर्वीच्या दिल्लीहून येणाऱ्या गाइडऐवजी, तिथलाच गाइड ठरायचा होता. नावं दोनच होती, राजकुमार आणि संभाजीनगरचाच दुसरा जपानी बोलणारा गाइड सोमनाथ. सोमनाथनं अजिंठा दाखवतानाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला होता. राजकुमारच्या वतीनं प्रेरणानं ई-मेल केली. मोरितांचं उत्तर आलं की तुमच्या कुटुंबाला नारा मीच दाखवतो, मात्र मी जे बोलेन ते आजींना राजकुमार-सान यांनी समजावून सांगावं. प्रेरणा-सान यांनी मध्ये बोलू नये.

हा इंटरव्ह्यूच आहे, असं प्रेरणा म्हणाली. ते राजकुमारला सांगायची गरज नव्हती. पाच वर्षं तो शाळांच्या सहली फिरवत होता, आणि शाळेची पोरं गाइडचं ऐकत नाहीत. मुकुंदवाडीच्या घरात जपानी भाषेचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर होतं, पण मागच्या दिवाळीत रंग देताना ते काढून परत लावायला चार महिने लागले. हे गट मिळाले नाहीत तर ते कायमचं उतरवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. बायको रूपाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं गाडीतच त्याला बजावलं होतं.

“तुम्ही आज फक्त भाषांतर करा. शिकवू नका.”

मोरिता सत्तरीचे, बुटके, डोक्यावर कापडी टोपी आणि हातात घडी घातलेली छत्री. मालनबाईंनी त्यांना जयभीम घातला. त्यांनी कमरेत वाकून नमस्ते म्हटलं. मग ते चालायला लागले आणि चौघं त्यांच्या मागं.

नारात हरणं मोकळी फिरतात. रस्त्यावर, दुकानाच्या दारात, फूटपाथवर. मोरितांनी हरणांसाठी मिळणाऱ्या बिस्किटांचे पुडे घेऊन प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. रूपालीनं एक बिस्कीट दाखवलं तर हरणानं मान खाली घालून नमस्कार केला. ती शिक्षिका असल्यामुळे तिला ते आवडलं. मालनबाईंनी आपला पुडा पिशवीत टाकला. देवगाव रंगारीला त्यांची अडीच एकर कोरडवाहू होती आणि त्यांच्या मते हरीण हा खायला घालण्याचा नव्हे, हाकलण्याचा विषय होता. आजींनी का नाही खायला घातलं, असं मोरितांनी विचारलं. राजकुमारनं आईला विचारून उत्तर दिलं की ही जनावरं आमच्याकडं तूर खातात. त्यांना बोलावून वर बिस्कीट द्यायचं हिला पटत नाही. मोरितांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. ते चांगलं की वाईट, हे राजकुमारला कळलं नाही.

तेवढ्यात एका हरणानं मालनबाईंच्या पिशवीत तोंड घातलं. त्यांनी त्याला शेतावरच्या आवाजात एकदाच हाड म्हटलं. ते गेलं आणि त्याच्या मागं आणखी तीन गेली.

वाटेत पाच मजली पॅगोडा होता. त्याला दुरुस्तीसाठी वरपासून खालपर्यंत झाकलं होतं. मोरितांनी त्याबद्दल माफी मागितली, जणू परांच्या त्यांनीच बांधल्या होत्या. राजकुमारनं माफीचंही भाषांतर केलं. आपल्याकडं बीबीका मकबऱ्याला परांच्या असल्या तर गाइड दुसरीकडं बोट दाखवून काहीतरी बोलतो, हे त्याला आठवलं.

मोठ्या बुद्धाचं मंदिर बाहेरून लाकडाच्या डोंगरासारखं दिसत होतं. आत शिरल्यावर राजकुमारनं सवयीप्रमाणे डोकी मोजली आणि घरच्यांकडं तोंड करून उभा राहिला. मोरिताही तसेच उभे राहिले. बराच वेळ दोघं गाइड बुद्धाकडं पाठ करून शेजारी शेजारी उभे होते. शेवटी प्रेरणानं त्याला खुणेनं मागं वळायला सांगितलं. तो वळला आणि त्यानं वर पाहिलं. वर पाहताना त्याला काही बोलायचं नव्हतं, आणि ते त्याला चमत्कारिक वाटलं.

मोरिता सांगत होते. सम्राट शोमू यांनी ही मूर्ती घडवून घेतली. ७५२ साली तिचे डोळे रंगवण्याचा मोठा सोहळा झाला आणि डोळे रंगवले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूनं. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या. खाली जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनीच उघडले. राजकुमारनं ते आईला सांगितलं.

“खरं का?” मालनबाईंनी विचारलं. “का तुझंच काही?”

“खरंय. ह्यांच्या पुस्तकात हाय.”

मग त्यांनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. सगळं, सावकाश. लोक त्यांना वळसा घालून जात राहिले. मोरितांनी टोपी काढून हात जोडले आणि त्यांचं होईपर्यंत खाली आणले नाहीत.

ते झाल्यावर मोरिता आजींना उद्देशून म्हणाले की ह्या सगळ्याची सुरुवात तुमच्या गावाजवळ झाली. सम्राट अशोकानं अजिंठ्याची लेणी कोरून घेतली, तिथली चित्रकला चीनमार्गे इथं आली. मग ते भाषांतरासाठी थांबले.

राजकुमारही थांबला. वेरूळला आणि अजिंठ्याला गाइड लोकांचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही. दुसरा गाइड त्याच्या गटाला काहीही सांगत असला तरी त्याच्यासमोर त्याला दुरुस्त करायचं नाही. कुणी कैलास लेणं एका रात्रीत कोरलं म्हणून सांगत असेल तर बाकीचे गाइड पार्किंगकडं बघतात. शिवाय इथं तो गाइड सहा गट देणारा होता. आणि शिकवू नका, असं बायकोनं सांगितलेलं होतं.

पण ते तसंच आईच्या कानावर घालायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं मधला रस्ता काढला. मोरितांना तो काही बोलला नाही. आईला मराठीत सांगितलं की अजिंठ्याची बरीचशी लेणी वाकाटकांच्या वेळी, हरिषेण राजाच्या काळात कोरली, आणि तिथली चित्रकला इथपर्यंत आली. प्रेरणानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पार्किंग शोधलं, पण आत पार्किंग नव्हतं, म्हणून तो एका खांबाकडं बघत राहिला.

बाहेरच्या पायऱ्यांवर मोरितांनी पुन्हा अशोकाचं नाव घेतलं. अंगणातल्या मोठ्या दिव्याजवळ तिसऱ्यांदा घेतलं. तिन्ही वेळा मालनबाईंच्या कानावर वाकाटकच पोचले. अशा तऱ्हेनं सगळ्यांचं समाधान झालं आणि अकरा वाजता ते एका चहाच्या दुकानात जाऊन बसले.

चहा हिरवा होता आणि त्यात साखर नव्हती. मालनबाईंनी तो एका दमात संपवला, औषधासारखा. रूपाली लाल बियांच्या गोड सारणाची वडी खात होती. मोरितांनी वही टेबलावर ठेवली.

“मला मराठी येत नाही,” ते जपानीत म्हणाले. “पण भाषांतरात नावं बदलत नाहीत. मी शोमू म्हणालो, तुमच्या बोलण्यात शोमू आला. बोधिसेन म्हणालो, तोही आला. अशोक मी तीनदा म्हणालो. तो एकदाही आला नाही. त्याच्याऐवजी दुसरंच कुणी आलं.”

राजकुमारनं कप खाली ठेवला. उत्तरं दोन होती. आपलं चुकलं म्हटलं तर ज्याला भाषांतर जमत नाही असा गाइड ठरायचं. खरं म्हटलं तर गट देणाऱ्या माणसाला त्याच्याच शहरात, चौघांदेखत, तुम्ही चुकीचं सांगता असं म्हणायचं. दोन्ही उत्तरांच्या शेवटी सोमनाथ उभा होता. प्रेरणा कपात बघत होती. रूपालीला जपानीचा शब्द कळत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा तिला सव्वीस वर्षं वाचता येत होता. तिनं वडी खाली ठेवली.

राजकुमारनं आधी गाइडांचा नियम सांगितला. मोरितांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले की तुम्ही मला दुरुस्त करत नाही आहात. मीच विचारतो आहे.

मग राजकुमारनं सांगितलं. अशोक अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्याच्याही आधी होऊन गेला. जी चित्रं बघायला तुमचे लोक येतात ती त्याच्यानंतर सात-आठशे वर्षांची. सोळा नंबरच्या लेण्यात वाकाटकांच्या प्रधानाचा शिलालेख आहे. अशोकानं तिथं एक दगडही फोडलेला नाही.

मोरितांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले की हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. २००४ च्या फेब्रुवारीत, अजिंठ्यालाच, सव्वीस नंबरच्या लेण्याबाहेर, तिथल्याच जपानी बोलणाऱ्या गाइडनं सांगितलं होतं. त्यांनी ते अशाच एका वहीत उतरवून घेतलं आणि एकवीस वर्षं आपल्या गटांना सांगितलं. त्यांच्या माहितीपत्रकात ते छापलेलं होतं.

“नाव आठवत नाही,” मोरिता म्हणाले. “बारीक होता. मिशी होती.”

२००४ साली गावात जपानी गाइड दोनच होते. दोघंही बारीक होते आणि दोघांनाही मिशी होती. पण सोमनाथ इतिहासात एम.ए. होता आणि सुरुवातीपासून वाकाटकच सांगायचा. राजकुमारनं पहिले दोन सीझन अशोक सांगितला होता. त्याला कारण होतं. म्हाताऱ्या जपानी लोकांना अशोक ठाऊक असे. नाव ऐकलं की पंधराच्या पंधरा माना डोलत, आणि नवीन गाइडला डोलणाऱ्या मानांची फार गरज असते. वाकाटक म्हटलं की लोक घड्याळ बघत. तिसऱ्या वर्षी पुरातत्त्व खात्याच्या एका साहेबांनी त्याचं बोलणं ऐकलं, बाजूला घेतलं आणि सोळा नंबरला नेऊन शिलालेखासमोर उभं केलं. तेव्हापासून तो बरोबर सांगत होता आणि तेव्हापासून माना डोलायच्या थांबल्या होत्या.

आता तो मी नव्हतो, एवढं म्हटलं तरी राजकुमार सुटत होता. सोमनाथचं नाव घ्यायचीही गरज नव्हती.

“काय चाललंय रं?” मालनबाईंनी विचारलं. “मघापासून तुमचंच चाललंय. मला कोण सांगणार?”

विचारल्यावर सांगायचं हे त्याचं आजचं कामच होतं. तो म्हणाला, “ह्यांना फार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका गाइडनं चुकीचं सांगितलं. ते हे लोकांना सांगत बसले.”

“कोन गाइड?”

“मी.”

ते मराठीत होऊन गेलं. मालनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग मोरितांकडं.

“मग त्याला सांग की. मला कशाला सांगतो?”

त्यानं मोरितांना सांगितलं. अशोक का सांगितला, तेही सांगितलं. माना डोलण्याची गोष्ट निघाली तेव्हा मोरितांनी मान डोलावली. मग वही उघडून त्याच्यापुढं सरकवली आणि खरी नावं लिहायला लावली. राजकुमारनं जपानी अक्षरांत वाकाटक आणि हरिषेण लिहिलं. मोरितांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले की लांब आहेत. त्यांच्या लोकांचं सरासरी वय अठ्ठ्याहत्तर. ते घड्याळ बघतील. राजकुमार म्हणाला, बघतात.

मोरितांचा निर्णय असा होता. ऑक्टोबरच्या पहिल्या गटात त्यांचे अकरा जुने लोक होते, ज्यांनी अशोक त्यांच्याच तोंडून ऐकला होता. तो गट राजकुमारनं घ्यावा. सव्वीस नंबरच्या लेण्याबाहेर उभं राहून आधी सांगावं की माहितीपत्रकात छापलंय ते चूक आहे, आणि ते पहिल्यांदा कुणी सांगितलं. मग बरोबर काय ते सांगावं. मोरिता तिथं असतील आणि मध्ये बोलणार नाहीत.

राजकुमार हो म्हणाला. मग त्यानं घरच्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता.

“म्हणजे मिळालं का नाही काम?” रूपालीनं विचारलं.

“एक गट.”

“अन् बाकीचे पाच?”

त्यानं विचारलं. त्यावर विचार करू, असं मोरिता म्हणाले. प्रेरणानं सकाळपासून पाळलेलं मौन तिथं सोडलं आणि आईला सांगितलं की इथं कुणी विचार करू म्हटलं की बहुतेक ते नाहीच असतं.

“आपल्याकडं काय येगळं हाय?” मालनबाई म्हणाल्या आणि सुनेच्या ताटलीतली उरलेली वडी खाल्ली.

दुपारी मोरितांनी त्यांना झाडीतून वर, कासुगाच्या देवळाकडं नेलं. मालनबाई देवळात जाणार नव्हत्या, पण रस्ता बघायला त्यांची हरकत नव्हती. वाटेच्या दोन्ही बाजूंना शेवाळ धरलेले दगडी दिवे होते, एकाला लागून एक, नजर पोचेल तिथवर. मोरितांनी सांगितलं की दगडाचे आणि आतले धातूचे मिळून तीन हजार दिवे आहेत. राजकुमारनं आईला तीन हजार सांगितले.

“मोजलेत का त्यानं?”

राजकुमारनं मोरितांना विचारलं. मोरिता थांबले, वाटेकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वही काढली.

नाही, ते म्हणाले. मलाही कुणीतरी सांगितलंय.