सूचक : दानीएल पॉल साळवे

“आधी वाच, मंग अंगठा,” गोजरबाई म्हणाली आणि शाईचं पॅड तिनं आपल्या मांडीखाली दाबून धरलं.

माझ्या हातात ग्रामसभेचं रजिस्टर. मी आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई, नोकरीला बावीस वर्षं झाली. आमच्याकडची रीत अशी, की ग्रामसभेला येतात तेरा-चौदा माणसं, त्यातली चार चहासाठी. कोरमला लागतात शंभर. मग दुसऱ्या दिवसापासून मी सायकलवर घरोघर हिंडतो आणि न आलेल्यांच्या सह्या-अंगठे घेऊन त्यांना आलेलं करतो. पानावर पहिली सही माझी असते. दानीएलनं केलीय म्हणजे वावगं काही नसणार, असं लोक धरून चालतात. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सव्वीस जानेवारीच्या सभेच्या सह्या गोळा करत मी माळावरच्या वस्तीवर आलो होतो. गोजरबाईला जगातल्या सगळ्या गोष्टींची चौकशी लागते. टॉवर कुणाचा, विमान कुठं चाललं, पाववाल्याची मुलगी कुठं दिली. मी म्हटलं, मावशे, अजून निम्मी वस्ती राहिलीय, उरकू दे मला.

“चाळीस वर्सं अंगठा देते मी. येकदा ऐकू तर दे, मी काय म्हनत आले ते.”

बसलो झालं तिच्या ओट्यावर. आणि गंमत म्हणजे, आत काय लिहिलेलं असतं ते मीही पहिल्यांदाच वाचत होतो. जिल्ह्याच्या नव्या नावाचा शिक्का तेवढा कोरा करकरीत, बाकी भाषा तीच जुनी. ठराव पहिला दिवाबत्तीचा. दुसरा गटारीचा. तिसरा कुणाच्या तरी अभिनंदनाचा. चौथ्याला माझी जीभ अडखळली. माळवस्तीवरील शाळेची पटसंख्या अल्प असल्याने सदर शाळा जूनपासून गावातील शाळेत विलीन करण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. एकमताने मंजूर. सूचक, दानीएल पॉल साळवे.

तिला ‘विलीन’ कळलं नाही. मी सांगितलं, इथली शाळा बंद, पोरांनी गावात जायचं. गावातली शाळा चार किलोमीटर, आणि मधला रस्ता कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांचा. वस्तीवरच्या शाळेत नऊ पोरं. त्यात गोजरबाईची नात धनश्री, दुसरीला.

“हे तू म्हनला व्हय रे?”

“न्हाई मावशे. मी चहा वाटत हुतो.”

“मंग तुज्या तोंडानं कोन बोललं?”

रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला लाज वाटली. अंगठा न घेताच मी सायकल काढली.

पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसात वाळवी लागलीय असं निमित्त करून दुसऱ्या दिवशी मी सगळी जुनी रजिस्टरं गच्चीवर उन्हात टाकली आणि बसलो वाचत. काय काय म्हणालो होतो मी. बाभळी तोडायला माझी सूचना. बोअर दुसरीकडं हलवायला माझी सूचना. आमच्या ख्रिस्तवाड्यातला रस्ता ‘तूर्त स्थगित’ ठेवायलाही मीच सुचवलं होतं, आणि त्याच रस्त्याच्या चिखलात पडून माझ्या बायकोचा, मरियाचा पाय मोडला होता. सभेत एक चकार शब्द न काढलेला मी, आणि वहीत गावातला सगळ्यात बोलका माणूस.

आमच्या ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही, तीन गावं एकटा सांभाळतो. माझ्या नावाचं विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, वरून विचारणा आली होती, सूचक म्हणून कुणाचं तरी नाव लागतंच, तू रोज डोळ्यासमोर असतोस. मी विचारलं, मग आता खोडता येईल का? ते हसून म्हणाले, पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, हरकत तिथं घ्यायची असते. बावीस वर्षांत कुणी घेतलीय का, दानीएल?

मरियाला सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, तोंड उघडलंस तर सरपंच तुला ऑफिसात ठेवणार नाहीत. जरा वेळानं म्हणाली, पण उघड. मी घाबरलो होतो. रिटायर व्हायला तीनच वर्षं राहिली होती.

हरकतीचं मी गोजरबाईला जाऊन सांगितलं. एक मेच्या सभेला तिच्यासोबत वस्तीवरून बेचाळीस बाया चालत आल्या. तेवढी माणसं बसायला सतरंजी पुरली नाही. सरपंच गोरक्षनाथ नाना नेहमीप्रमाणे म्हणाले, मागचं वाचलं असं धरून कायम करू. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

“नाना, ठराव चार मी मांडला नव्हता. माझी हरकत लिहून घ्या.”

नानांनी माझ्याकडं पाहिलं, मग बायांकडं पाहिलं. भाऊसाहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिले आणि शेवटी कुणाचा दुजोरा आहे का म्हणून त्यांनी विचारलं. गोजरबाई उठली, तिच्या मागोमाग बेचाळीसच्या बेचाळीस उठल्या. ठराव चार रद्द झाला. एवढं सोपं होतं ते, आणि बावीस वर्षं मला माहीत नव्हतं, याचा मला राग आला.

शाळा या वर्षापुरती तरी राहिली. पुढच्या जूनचं कुणी सांगावं, पट अजून नऊच आहे. माझ्याकडचं रजिस्टर मात्र दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं आणि मला माळावरच्या पाण्याच्या टाकीवर टाकलं. आता ऑफिसात खुर्ची नाही, चहा नाही, गावातली माणसं दिवसदिवस दिसत नाहीत. वाईट वाटतं, नाही असं नाही.

अकरा वाजता मी वस्तीच्या लाइनचा व्हॉल्व्ह सोडतो. पलीकडं शाळेत तेव्हा पाढे चाललेले असतात. पाणी सुरू झालं की माझं काम संपतं, पण तेराचा पाढा पुरा होईपर्यंत मी तिथंच उभा राहतो.