बारीक रेघ

मी एका जुन्या छापखान्यातली अक्षरांची पेटी आहे. माझ्या लाकडी खणांत शिशाची इंग्रजी अक्षरं आहेत. छापखान्यात त्यांना खिळे म्हणतात. मित्रांनो, माझी अक्षरं सरळ उभी राहत नाहीत. वाऱ्यातल्या ज्वारीसारखी उजवीकडे झुकतात. त्यांची एक रेघ भरदार, तर लगतची सुतासारखी बारीक.

पुण्यात माझे खिळे ओतले आणि मला केडगावला गनीभाईंच्या छापखान्यात आणलं. हँडबिलं, पावत्या माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. पत्रिकेच्या पाकिटावर वधूवरांची नावं तेवढी माझी. गनीभाई म्हणत, "ही अक्षरं म्हणजे अत्तर. बोटभर लावायचं, आंघोळ नाही करायची."

माझे खिळे जुळवायच्या मुक्ताबाई. खंडेनवमीला हत्यारांची पूजाही त्याच करत. नारळ गनीभाई आणून देत आणि बजावत, "मुक्ता, कुंकू बाजूला लाव. अक्षराच्या तोंडाला लागलं तर बारीक रेघ बुजते." मुक्ताबाईंच्या स्वतःच्या लग्नाला पत्रिका नव्हती. नात झाली तेव्हा तिला माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या होत्या, "निकिता, तुझं नाव मी हिच्यातच छापीन."

मग कॉम्प्युटर आले. गनीभाई गेले. मशीन विकलं, शाई डब्यात वाळली. माझ्यावर धूळ बसली. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. आठवत नाही. शिसं गार असतं.

यंदाही खंडेनवमीला मुक्ताबाई आल्या. त्यांनी पूजा केली. मग गनीभाईंचा मुलगा आवेज म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी भंगारचा टेम्पो येतोय."

"आरं, दिवाळीनंतर निकिताचं लगीन हाय. तिचं नाव छापायचं ऱ्हायलंय."

"मग आत्ता छापा की. कोण बघतंय?"

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत. तुझ्या बापानं कधी लावला का?"

"अब्बांनी टेम्पोवाल्यालाच चहा पाजून परत धाडलं असतं," आवेज हसला. "मला नाही जमत ते."

दसऱ्याला उजाडताच त्या आल्या. टेम्पो दारात उभाच होता. त्यांनी निकिताच्या नावाचे खिळे जुळवले, दोऱ्यानं बांधले. शाई नव्हती. कालच्या कुंकवात त्यांनी पाणी कालवलं, अक्षरांच्या तोंडाला लावलं आणि पांढऱ्या कार्डावर तळहातानं दाबलं. भरदार रेघा लाल उमटल्या. बारीक उमटल्या नाहीत.

"वाचता येतंय का रं?"

आवेजनं कार्ड उजेडात धरलं. "अर्धीच दिसतेय. पण निकिताच आहे." मग हळूच म्हणाला, "मावशी, एवढे खिळे ठेवून घ्या."

"एवढेच ठेवून बाकीच्यांना कसं धाडू?"

दोरा सोडून त्यांनी एकेक खिळा आपापल्या खणात ठेवला. कार्ड पदराखाली धरून त्या निघाल्या.

आता मी टेम्पोत आहे. माझ्या बारीक रेघांत कुंकू वाळलं आहे. मित्रांनो, सगळं जुनं जपा असं मी म्हणणार नाही. तेवढी मोठी घरं कुणाकडे आहेत? पण एखादं नाव छापायचं असेल, तर शाई ओली आहे तोवर छापून घ्या.