मधला तुकडा

वटार गावच्या वाड्यांमधून निघालेली सायकलवाट केळीच्या सावलीतून नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत येते आणि तिथे, घाबरल्यासारखी, संपते. दुसरी वाट बाजाराच्या पलीकडे तळ्याकाठी सुरू होते. मधे बाजाररस्ता. टेम्पो, रिक्षा, फरशांची दुकानं आणि दुकानांच्याही पुढे आलेला त्यांचा माल. हा तुकडा जोडावा म्हणून निवृत्त शिक्षक फ्रेडरिक सरांनी इतके अर्ज दिले, की शेवटी कंटाळून कुणीतरी सायकलपट्ट्यासाठी हिरवा रंग मंजूर केला.

उद्घाटनाची पहिली सायकल सरांनीच चालवायची, असं ठरलं. तेव्हापासून लोक त्यांच्याशी जरा जास्तच प्रेमाने वागू लागले.

“फोटो चांगला द्या हं, सर,” बॅनरवाला म्हणाला. “मोठा, हसरा. तो कशालाही चालतो.”

शेजारचा आल्बर्ट आपणहून कुंपणाचा वाद मिटवून गेला. फादरांनी न सांगता चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेत, त्यांचं नाव घेतलं.

घरातला प्रश्न वेगळा होता. नातीला, रोवेनाला, तळ्याजवळच्या क्लासला सायकलने जायचं होतं आणि तिची आई प्रिस्का त्या रस्त्यावर तिला पायीसुद्धा सोडत नव्हती.

“पप्पा, तुम्ही धड पलीकडे पोचलात तर तीही जाईल,” प्रिस्का म्हणाली. “नाही पोचलात तर विषय संपला.”

“माझा की क्लासचा?”

“दोन्ही,” रोवेना म्हणाली. तिला हसू येत होतं.

रविवारी सकाळी सर बाजाराच्या तोंडाशी आले आणि थबकले. रस्ता रिकामा होता. फरशा आत गेल्या होत्या. कडेचा नवा हिरवा पट्टा दूरवर सलग दिसत होता.

“लोकांनी मनावर घेतलं, सर,” नागरिक मंचाचे श्रीरंग म्हणाले. हृदयाची बायपास झाल्यापासून श्रीरंगांना सगळं चांगलंच दिसे.

सर निघाले. आधी फक्त त्यांच्याच चेनचा आवाज येत होता. मग खालून, घुमल्यासारखा, दुसरा एक आवाज जाणवू लागला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती. दोरीमागे टेम्पो उभे होते, एकामागे एक, इंजिनं चालू ठेवून. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होते. कुणी शिवी दिली नाही, हॉर्न वाजवला नाही. सरांना तेच आवडलं नाही.

तळ्याकाठी हार, माइक, पाहुणे. प्रिस्का आणि रोवेना बाहेरच्या रस्त्याने आधीच पोचल्या होत्या. रोवेनाची सायकल रिक्षाच्या मागे बांधून आणली होती.

“सर, कुठे भीती वाटली का?” श्रीरंगांनी माइक पुढे केला.

दोरीमागचे चेहरे सरांच्या डोळ्यांपुढे होते. पण समोर पाहुणे होते, आणि इतक्या वर्षांचे अर्ज होते.

“अजिबात नाही,” सर म्हणाले.

टाळ्या झाल्या. प्रिस्का शब्दाला पक्की. “जा,” ती रोवेनाला म्हणाली, “सरळ घरी.”

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. दोऱ्या सुटल्या.

सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांचा सत्कार चालू होता. शाल अंगावरच ठेवून ते सायकलवर बसले. हिरवा पट्टा पहिल्या कोपऱ्यापर्यंत होता. पुढे तो एका टेम्पोखाली शिरला. टेम्पोतून फरशा उतरत होत्या.

“काका, उतरा,” ड्रायव्हर म्हणाला. “कार्यक्रम झाला ना.”

“एक मुलगी गेली का इथून? सायकलवर?”

“गेली की आत्ताच.”

“कडेने?”

“कडेला जागा कुठाय? मधून गेली.”

पुढे रस्ता दिसत नव्हता, नुसत्या गाड्यांच्या पाठी दिसत होत्या. खिशातला फोन वाजला.

“पप्पा, तिच्या मागे गेलात ते बरं केलंत,” प्रिस्का म्हणाली. “दिसतेय ना ती?”

सर सायकलवरून उतरले आणि टाचा उंचावून पुढे बघत राहिले.

“दिसतेय,” ते म्हणाले.